पश्चात्ताप खरा आहे हे घरच्यांना कशावरून कळतं?

वास्कोच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. नवरा बरीच वर्षं मटका खेळायचा, जोडीला दारू. पगार बरा, पण घरी पोचायचा निम्माच. ताईंच्या माहेरच्या पाटल्या त्याने न सांगता तारण ठेवल्या. मुलीच्या फीचं कारण सांगून मेहुण्याकडून पैसे उचलले आणि तेही आकड्यांवर लावले. चार महिन्यांपूर्वी उपवास-प्रार्थनेत तो ढसाढसा रडला, सगळ्यांसमोर आपण बदलल्याची साक्ष दिली, आणि तेव्हापासून रविवारची उपासना एकदाही चुकवलेली नाही. आता तो म्हणतो, "देवाने मला क्षमा केली, मग तू कोण धरून ठेवणारी? एटीएम कार्ड आणि पासबुक माझ्याकडे दे." मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायकाही सांगतात, ताई, सोडून द्या आता. ताईंचा प्रश्न आहे, "याचा पश्चात्ताप खरा आहे की नाही हे मी कसं ओळखू? आणि मी असा संशय घेते म्हणजे पाप करते का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही ताई, तुम्ही पाप करत नाही. कार्ड आणि पासबुक तूर्त तुमच्याकडेच असू द्या. क्षमा करणं ही एक गोष्ट, आणि घराचा व्यवहार पुन्हा त्याच हातात सोपवणं ही दुसरी. पहिलीची आज्ञा प्रभूने दिली आहे. दुसरीची घाई त्याने कुठेही केलेली नाही.

पहिल्या प्रश्नाला जरा वेळ लागेल. गोव्यात मराठी मंडळीची पाळकी करताना असे संसार मी जवळून पाहिले आहेत. आमच्याकडे बेळगाव, कोल्हापूर, सांगली, नगरकडून नोकरीनिमित्त येऊन इथेच स्थिरावलेली कुटुंबं बरीच. गावाकडचे वडीलधारे लांब असतात, त्यामुळे घरातलं भांडण मिटवायलाही मंडळी आणि साक्ष ऐकायलाही मंडळीच. म्हणून हे उत्तर तुमच्यासाठी आहे तसंच तुम्हाला "सोडून द्या" म्हणणाऱ्यांसाठीही आहे.

अश्रूंना मी कमी लेखत नाही. येशूला ओळखत नाही असं म्हणून बसलेला त्याचा शिष्य पेत्र कोंबडा आरवल्यावर बाहेर जाऊन रडला आणि त्याचं रडणं खरं होतं. पण "मी पाप केलं आहे" हे शब्द पवित्र शास्त्रात शौल राजाच्या तोंडी आहेत तसे दावीदाच्याही तोंडी आहेत. शब्द जवळपास तेच. फरक पुढे काय येतं त्यात आहे. शौल शमुवेल संदेष्ट्याला म्हणतो, पाप केलं खरं, पण निदान माझ्या लोकांच्या वडीलजनांसमोर तरी माझा मान राख (१ शमुवेल १५). त्याला बोचत होती ती चारचौघांत जाणारी पत. दावीदाने दुसऱ्याची बायको घेऊन तिच्या नवऱ्याला मारवलं, त्यावर नाथान संदेष्ट्याने त्याला तोंडावर सांगितलं की तो माणूस तूच आहेस, तेव्हा त्याने एकही सबब पुढे केली नाही. राजा असून केली नाही.

त्याहून अवघड उदाहरण येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताचं. त्याला पस्तावा झाला, निर्दोष माणसाला धरून दिलं अशी कबुली त्याने दिली, चांदीची तीस नाणीही परत केली (मत्तय २७). अश्रू आणि साक्ष यांपेक्षा हे जास्तच झालं. तरी तो ख्रिस्ताकडे परतला नाही. याजकांकडे गेला, त्यांनी हात झटकले, आणि त्याने जीव दिला. म्हणून एकेक खूण सुटी घेऊन तिच्यावरून निकाल देऊ नका. माणूस कुठे वळला आहे ते पाहा. खरा पश्चात्ताप दोन्हीकडे वळतो, देवाकडे आणि ज्याचं नुकसान केलं त्या माणसाकडे. तुमचे यजमान देवाकडे वळल्याचं मंडळीने पाहिलं आहे. ते तुमच्याकडे आणि तुमच्या भावाकडे वळले आहेत का, हे अजून दिसायचं आहे. तुमच्या पत्रात त्यांनी तुमच्याकडे काय मागितलं ते आहे. तुमच्यापुढे काय आणून ठेवलं ते कुठेच नाही.

जक्कयाची गोष्ट रविवार-शाळेत आपण सगळे शिकलो, पण त्यातला हिशेब शिकवायचा राहून जातो. हा यरीहोचा मुख्य जकातदार, पैसेवाला. उंबरावर चढून बसलेल्या त्याला येशूने नावाने हाक मारली आणि सांगितलं की आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. लोक कुरकुरले. मग जक्कय उभा राहिला आणि म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो (लूक १९).

ही चौपट कुठून आली? मोशेच्या नियमशास्त्रात, स्वतःहून अपराध कबूल करणाऱ्याने मुद्दल परत करून वर त्याचा पाचवा हिस्सा द्यायचा होता (गणना ५, लेवीय ६). मेंढरू चोरून कापलं किंवा विकून टाकलं तर मात्र एकाच्या जागी चार द्यायची (निर्गम २२). म्हणजे जक्कयाला पाचव्या हिश्शावर सुटता आलं असतं. त्याने स्वतःला चोराचा दर लावून घेतला. येशूने आकडा सांगितला नव्हता, कोणी तगादाही लावला नव्हता. मला सगळ्यांत मोठी वाटते ती हीच गोष्ट: आपण केलेल्या नुकसानाची किंमत तो स्वतःच वाढवून धरतो. पश्चात्ताप न झालेला माणूस ती कमी करत बसतो. "एवढं काय मोठं झालं", "सगळेच खेळतात", "पाटल्या नुसत्या कपाटातच पडून होत्या". घरातलं असं बोलणं कान देऊन ऐका. केलेल्या गोष्टीचं वजन त्यांच्या बोलण्यात दिवसेंदिवस वाढतं आहे की घटतं आहे?

आणि क्रमही पाहा. येशू आधी घरी आला, पैसे नंतर निघाले. भरपाई करून कोणी आत्म्याचं तारण विकत घेत नाही. ते कृपेनेच मिळतं, आणि ही शिकवण मी कधी सैल होऊ देणार नाही. पण कृपा घरात शिरली आणि तिजोरी जशीच्या तशी बंद राहिली, असं त्या घरात घडलं नाही. लेवीयात तर म्हटलं आहे की दोषार्पण आणायचं त्याच दिवशी ज्याची वस्तू त्याला परत द्यायची. डोंगरावरच्या प्रवचनात येशू तेच सांगतो: वेदीजवळ आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर.

आता तुमच्या घरात हे कसं दिसेल ते पाटल्यांपासूनच पाहू. तारणाची पावती कुठे आहे? कर्ज किती काढलं, व्याज कुठवर भरलं, मुदत कधी संपते, लिलावाची नोटीस आली आहे का, हे सगळं त्यांनी तुम्ही न विचारता तुमच्यासमोर ठेवलं का? नसेल तर पहिली पायरी अजून बाकी आहे. जुगारातून बाहेर येणारे लोक कबुली देतानाही बहुधा एक कर्ज मागे लपवून ठेवतात. "तेवढं मी गुपचूप फेडीन" असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत असतं, आणि त्या एका लपवलेल्या कर्जापायी ते पुन्हा आकडा लावायला जातात. म्हणून एका कागदावर पूर्ण यादी हवी: कोणाचे, किती, कधीपासून. सावकार, दुकानदार, कामावरचे सोबती, पतसंस्था, सगळे. ती यादी लिहिताना माणसाचा चेहरा पाहावा. साक्षीच्या वेळच्या चेहऱ्यापेक्षा तो जास्त सांगतो.

मग तुमचा भाऊ. तिथे त्यांनी स्वतः जायला हवं. तुम्हाला पुढे करून नाही, फोनवर "दादा, सांभाळून घ्या" म्हणून नाही. "फीसाठी म्हणून घेतले, ते खोटं होतं, मी मटका लावला," एवढं त्याच्यासमोर बसून बोलायचं. सगळे पैसे आज नसतील तर दर महिन्याला पाचशे रुपये देतो म्हणायचं आणि पाच तारखेला ते त्याच्या खात्यात जायला हवेत. एकदम मोठी रक्कम आणून टाकण्याच्या गप्पांपेक्षा वेळेवर पडणाऱ्या लहान हप्त्यावर माझा भरवसा जास्त आहे. इफिसकरांस पत्रात प्रेषित पौल चोरी करणाऱ्याला फक्त "चोरी करू नको" म्हणून थांबत नाही. हातांनी काम कर, म्हणजे गरजवंताला द्यायला तुझ्याजवळ काही असेल, असं सांगतो. घेणारा हात देणारा होईपर्यंत बदल पुरा झाला असं पौल धरत नाही.

एक प्रसंग सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एका भावाने वडील गेल्यावर बेळगावला दिलेल्या बहिणीला बोलावून घेतलं. घरपट्टी नावावर करायला सह्या लागतात असं सांगून तिच्याकडून हक्क सोडल्याचा दस्त करून घेतला. गोव्यात वारशाचा कायदा पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. आजच्या २०१२ च्या वारसा कायद्यातही मुलीचा वाटा मुलाएवढाच. बहिणीला हे माहीत नव्हतं, भावाला पक्कं माहीत होतं. कागदोपत्री दस्त नोंदलेला, शिक्के बसलेले, प्रकरण मिटलेलं.

बऱ्याच वर्षांनी वचन ऐकताना ते त्याच्या मनाला लागलं. त्याने मला सांगितलं तेव्हा रडणं वगैरे फार नव्हतं, नुसती अस्वस्थता होती. बहीण फोन उचलेना. मग त्याने पत्र लिहिलं आणि पाठवण्याआधी मला वाचायला दिलं. वहीचा आडव्या रेघांचा कागद. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, "त्या वेळी माझीही परिस्थिती", आणि वाक्य तिथेच तोडून त्यावर दोनदा रेघ मारलेली. खाली नव्या ओळीवर: "सह्या कशाच्या आहेत हे मी तुला खोटं सांगितलं. घरात तुझा वाटा होता. तो मी घेतला." त्यानंतर घराची आजची किंमत काय निघते ते होतं, वडिलांच्या वेळची नव्हे. वाटा नावावर करून हवा की पैसे हवेत, हे तू ठरव. आणि शेवटी, तू उत्तर दिलं नाहीस तरी मी पुढच्या महिन्यापासून तुझ्या खात्यात पैसे टाकायला लागेन.

बहिणीचं उत्तर उशिरा आलं आणि कोरडं आलं. पैसे पाठव, घरी येऊ नकोस. तो गेला नाही. पैसे पाठवत राहिला. मंडळीत त्याने याची साक्ष कधी दिली नाही. ही गोष्ट लोकांना सांगून आपण बरे दिसू, तेवढंही त्याला नको होतं. पुढे त्या दोघांचं कुठवर जमलं ते मी इथे लिहीत नाही, कारण त्याच्या पश्चात्तापाचा खरेपणा बहिणीच्या होकारावर अवलंबून नव्हता. तिने कधीच दार उघडलं नसतं तरी ते पैसे तिचेच होते.

आता "देवाने क्षमा केली, तू कोण?" या वाक्याकडे येतो. मला ते फार काळजीत टाकतं. यासाठी काही जण एक्कावन्नाव्या स्तोत्राचा आधार घेतात, की दावीद म्हणतो, तुझ्याविरुद्धच मी पाप केलं आहे, म्हणजे मामला देव आणि मी यांच्यातला. पण दावीदाचं पुढचं आयुष्य वाचा. मुलगा अबशालोम याच्या बंडात तो पायी यरुशलेम सोडून निघाला असताना शिमी नावाचा माणूस वाटेने त्याला शिव्याशाप देतो, दगड मारतो, रक्तपाती म्हणतो. सोबतचा सरदार म्हणतो, याचं डोकं उडवतो. दावीद म्हणतो, राहू दे, त्याला शाप देऊ दे (२ शमुवेल १६). "नाथानाने मला क्षमा झाल्याचं सांगितलं आहे, तू कोण बोलणारा?" असं तो म्हणत नाही. देवाची क्षमा मिळालेल्या माणसाला लोकांचा राग सोसण्याची ताकद येते, कारण त्याचं सगळं आता लोकांच्या मतावर टांगलेलं नसतं. ज्याला घरच्यांची नाराजी चार महिनेही सोसवत नाही, त्याला अजून देवाच्या क्षमेची खरी चव लागायची आहे, असं मी समजतो. हे मी तुमच्या यजमानांना तोंडावर सांगेन, आणि प्रेमाने सांगेन.

येशूच्या दृष्टांतातल्या उधळ्या पुत्राचंही तसंच. बापाची दौलत उडवून तो घरी परतताना काय ठरवून निघाला? बाबा, स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्यासमोर मी पाप केलं, मला एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा. अंगठी त्याने मागितली नाही. झगा, अंगठी, जोडे हे बापाने आपणहून दिले. मुलगा दारात येऊन "क्षमा झाली ना, मग माझी अंगठी कुठे आहे?" असं म्हणाला असता तर ती गोष्ट वेगळीच झाली असती. तुमच्या घरातलं एटीएम कार्ड म्हणजे ती अंगठी आहे.

योसेफाची गोष्ट तुमच्यासाठी. त्याच्या भावांनी त्याला वीस रुप्याच्या नाण्यांना विकलं होतं, आणि विकू या ही सूचना त्यांच्यातल्या यहूदा नावाच्या भावाची होती (उत्पत्ती ३७). दुष्काळात ते धान्याला आले तेव्हा योसेफाने त्यांना ओळखलं, त्यांनी त्याला नाही. त्याने त्यांना उपाशी परत पाठवलं नाही. धान्य दिलं, पैसेही गोण्यांत परत ठेवले. एकीकडे जाऊन रडला. मन कठोर नव्हतं त्याचं. पण आपण कोण ते त्याने लगेच सांगितलं नाही. त्याने असा प्रसंग आणला की बापाचा लाडका धाकटा, बन्यामीन, पुन्हा संकटात सापडला आणि भावांना त्याला सोडून घरी जाणं सहज शक्य झालं. जुनीच परीक्षा, नव्याने. तेव्हा ज्या यहूदाने विकायचं सुचवलं होतं तोच पुढे आला आणि म्हणाला, या मुलाऐवजी मला गुलाम म्हणून ठेवून घ्या (उत्पत्ती ४४). तिथे योसेफाला राहवलं नाही, तो मोठ्याने रडला आणि म्हणाला, मी योसेफ. या थांबण्याबद्दल शास्त्रात त्याला कुठेही दोष दिलेला नाही.

म्हणून तुम्ही थांबा आणि पाहा. बोनसचा महिना येईल. जुने सोबती चतुर्थीला किंवा नाताळात बोलवायला येतील. पगार कापला जाईल, साहेब ओरडेल, मुलगी उलट बोलेल. पूर्वी ज्या वळणावर पाय मटक्याच्या गाड्याकडे किंवा बारकडे वळायचे, तिथे आता काय होतं ते तुम्हाला दिसेल. पहारा ठेवू नका, खिसे तपासू नका. त्याने तुम्हीच खचून जाल. खातं तुमच्याकडे आहे, यादी कागदावर आहे, हप्त्याच्या तारखा ठरल्या आहेत, एवढं असेल तर वेगळी हेरगिरी लागत नाही.

पाय पुन्हा घसरला तर? घसरू शकतो. पेत्र नाकारून रडला, प्रभूने समुद्रकाठी त्याला तीनदा विचारून पुन्हा उभं केलं, मग तो सन्हेद्रिन या यहुदी न्यायसभेसमोर निर्भयपणे बोलला. आणि तरीही अंत्युखियात लोकांच्या भीतीने तो ढोंग करून बसला आणि पौलाला सगळ्यांदेखत त्याला बोलावं लागलं (गलती २). एका पडण्यावरून आधीचं सगळं खोटं ठरत नाही. पाहायचं ते हे, की घसरल्यावर ते किती लवकर आणि कोणाच्या तोंडून तुम्हाला कळतं. त्याच रात्री स्वतः येऊन सांगितलं, तर तो पश्चात्तापाच्या वाटेवरच आहे. तीन महिन्यांनी तिसऱ्याकडून कळलं, तर नाही.

दारूबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो, कारण आपल्या मंडळ्यांत इथे चूक होते. रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत दारू बंद केली तर हात थरथरणं, भास होणं, फिट येणं असे प्रकार होऊ शकतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. प्रार्थनेने सुटली म्हणून डॉक्टर नको, असं करू नका. बांबोळीला मनोरुग्णालय, म्हणजे आयपीएचबी आहे, तिथे व्यसनावर उपचार होतात. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करून बोलता येतं. अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभा गोव्यात भरतात. त्यांच्या बारा पायऱ्यांमधली नववी हीच आहे, की ज्यांचं नुकसान केलं त्यांची शक्य तिथे प्रत्यक्ष भरपाई करायची, मात्र त्याने त्यांना किंवा इतरांना इजा होणार असेल तर नाही. हे शेवटचं कलम महत्त्वाचं. आपलं मन हलकं व्हावं म्हणून दुसऱ्याच्या जुन्या जखमा उघड्या करणं हा पश्चात्ताप नव्हे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोकांनी विचारलं, आम्ही काय करावं? त्याने ज्याला त्याला त्याच्या धंद्यातलं सांगितलं (लूक ३). दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा. जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायाने जुलमाने पैसे उकळू नयेत, खोटा आरोप करू नये, पगारात समाधान मानावं. नोकरी सोडा असं त्याने कोणालाही सांगितलं नाही. आपल्याकडे टॅक्सीवाला असेल तर विमानतळावरून नवख्या माणसाला काय भाडं सांगतो, घरमालक असेल तर भाडेकरूची अनामत परत करतो की रंगाच्या नावाखाली गिळतो, ठेकेदार असेल तर झारखंड-ओडिशाच्या मजुरांची मजुरी शनिवारी देतो की लटकवतो, इथे बदल दिसला पाहिजे. सरकारी कचेरीतल्या भावाला फाइल कशी हलते ते मी सांगायला नको.

कॅथलिक शेजाऱ्यांचा कुमसार (पापांची कबुली) म्हणजे नुसतं फादरच्या कानात सांगून मोकळं होणं, असा समज आपल्या लोकांत आहे. तो चुकीचा आहे. त्यांच्या धर्मशिक्षणात स्पष्ट आहे की पापमुक्ती मिळाली तरी चोरलेलं परत करणं, बदनामी केली असेल तर त्या माणसाचं नाव पुन्हा स्वच्छ करणं, इजेची भरपाई देणं ही जबाबदारी उरतेच. गोवा वेल्हाला झावळ्यांच्या रविवारच्या (पाम संडेच्या) आधीच्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते, ती फ्रान्सिस्कन परंपरेच्या तिसऱ्या संघाची. या संघाचा उगम प्रायश्चित्ताचं जीवन जगणाऱ्या गृहस्थी लोकांत आहे, आणि त्यांच्या १२२१ च्या जुन्या नियमावलीत प्रवेश मागणाऱ्याने आधी दुसऱ्याचं घेतलेलं परत करावं, शेजाऱ्यांशी समेट करावा, अशी अट होती. तितकी साधी अट आपल्या सभासदत्वाच्या वर्गात मला ऐकू येत नाही, याचं दुःख आहे.

मंडळीच्या वडीलजनांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. माणूस रडला की पुढच्या रविवारी त्याच्या हाती माइक देऊ नका. साक्ष देण्याआधी त्याच्या बायकोला विचारा, आणि त्याच्यासमोर विचारू नका. पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. करिंथच्या मंडळीने एका चुकलेल्या माणसाला शिक्षा केली, तेव्हा पौलानेच नंतर लिहिलं की आता पुरे, त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखाच्या भाराने बुडून जाईल (२ करिंथ २). फिलेमोनाला पत्र लिहिताना त्याने फिलेमोनाच्या गुलामाचं, अनेसिमाचं, देणं स्वतःच्या नावावर मांडायला सांगितलं. तुम्हाला या भावाची खरी कळकळ असेल तर दर महिन्याच्या पाच तारखेला त्याच्यासोबत बँकेत जाणारा एक माणूस नेमा. आणि बहिणींनो, या ताईला "सोडून द्या" म्हणण्याआधी तिच्या मुलीची फी भरली गेली का ते विचारा.

ताई, तुम्ही पत्रात मारहाणीबद्दल काही लिहिलेलं नाही. नसेल तर देवाचे आभार. असेल, तर वरचं सगळं थांबण्याचं आणि पाहण्याचं बोलणं तुम्हाला लागू नाही. आधी तुम्ही आणि मुलगी सुरक्षित ठिकाणी जा, १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ (तातडीची मदत) वर फोन करा, माझ्या घराचं दार उघडं आहे. हात उचलणाऱ्याचा पश्चात्ताप त्याच घरात राहून तपासायचा नसतो.

मारहाण नसेल तर यजमानांशी एकदाच शांतपणे बोला. "मी क्षमा करते आहे, रोज थोडी थोडी. कार्ड सध्या माझ्याकडे राहील. पावती आणि यादी मला हवी आहे." एवढंच. वाद वाढवू नका. त्यांना रागही येईल. तो राग कुठे जातो ते पाहा. या आठवड्यात उपासनेनंतर दोघं मिळून या. मुलीला आमच्या घरी खेळायला बसवू. तारणाची पावती, पासबुक आणि एक कोरी वही आणा. यादी यजमानांनी स्वतःच्या हाताने लिहायची, मी शेजारी बसेन, आणि तुमच्या भावाला भेटायला जाण्याची तारीख त्याच वहीत पहिल्या पानावर टाकू. ते आले नाहीत तर तुम्ही एकट्या या.